मासा पाण्यात गुदमरतो तेव्हा

मासा पाण्यात गुदमरून मेला, असे कुणी सांगितले तर ऐकणारा हसेल. पण मासा गुदमरतो, आणि एकटादुकटा नव्हे, लाखांच्या संख्येने गुदमरतो. २०१६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात हे घडले. तिथे समुद्रात जाळ्यांचे मोठमोठे पिंजरे सोडून त्यात सॅल्मन पोसतात. (आपल्याकडचे हॉटेलवाले रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, त्याचे या माशाशी काही नाते नाही.) काही आठवड्यांत या पिंजऱ्यांतले सुमारे ४० हजार टन मासे मेले. मारणारा होता एक शैवाल, तोही एकपेशीय आणि माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान. 'स्यूडोचॅटोनेला' हे त्याचे नाव.

मेलेली मासळी काढायला बोटी अपुऱ्या पडल्या. तिला सडका वास सुटला, तेव्हा काही हजार टन माल सरकारच्या परवानगीने खोल समुद्रात नेऊन टाकण्यात आला. पाठोपाठ त्याच किनाऱ्यावर दुसऱ्याच एका शैवालाचे विष शिंपल्यांत उतरले आणि ते गोळा करण्यावर बंदी आली. हातावर पोट असलेले चिलोए बेटावरचे मच्छीमार मे महिन्यात रस्त्यावर उतरले. टायर पेटवून त्यांनी बेटाच्या वाटा रोखल्या. समुद्रात टाकलेल्या सडक्या माशांनीच हे केले, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञ म्हणत होते की ही एल निनोच्या वर्षातल्या उबदार, पावसाविना गेलेल्या उन्हाळ्याची करणी आहे. शास्त्रज्ञांचे म्हणणे पुराव्याला धरून होते. पण चूल विझलेल्या माणसाला एल निनो दाखवता येत नाही, सडका मासा दाखवता येतो.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी पाण्याच्या प्रत्येक बातमीत रसायन शोधायची खोड गेलेली नाही. चिलीच्या त्या बातमीपासून या शैवालांचा पाठपुरावा करत आलो आहे, त्यामागे एकच प्रश्न आहे. आपल्या धुराड्यांतला आणि मोटारींतला कार्बन डायऑक्साइड वायू समुद्र शोषून घेतो आणि त्याचे पाणी आम्लतेकडे सरकते, हे आता सिद्ध झालेले आहे. मग अशा बदललेल्या पाण्यात हे विषारी शैवाल अधिक विषारी होतील का? प्रश्न सरळ आहे. उत्तर तितके सरळ नाही, आणि त्याचमुळे ते सांगण्यासारखे आहे.

आधी शैवालांवरचा सरसकट आरोप मागे घेऊ. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या सुमारे पाच हजार जाती आहेत. त्यांतल्या विषारी म्हणाव्यात अशा दोनशेच्या आसपास. बाकीचे सारे समुद्राचे गवत. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा भार हेच सूक्ष्म जीव उचलतात. बांगडा, तारली, पेडवे यांची साखळी इथूनच सुरू होते. गवतात कधी विषारी झुडूप माजावे, तसे यांतले काही मधूनच माजतात.

आता मासा मरतो कसा? बाजारात मासे घेताना कोळीण मावशी गालफड उचलून आतले लालभडक कल्ले दाखवते. "बघ ताई, ताजा आहे!" ती लाली म्हणजे रक्त. कल्ल्यांची कातडी इतकी पातळ असते की पलीकडच्या पाण्यातला प्राणवायू थेट रक्तात उतरावा. मासेमारू शैवाल नेमका इथेच घाव घालतात. 'कार्लोडिनियम' नावाच्या शैवालाचे विष पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते. इतर काही शैवालांच्या स्रावांनी कल्ले सुजतात, त्यांवर चिकट बुळबुळीत थर चढतो. भोवताली पाणी भरपूर, त्यात प्राणवायूही असतो, पण तो आत घेण्याचे दारच बंद झालेले असते. मोकळा मासा पळून जाऊ शकतो. पिंजऱ्यातला कुठे जाणार?

आता आम्लतेकडे वळू. शाळेत चुन्याच्या निवळीचा प्रयोग सर्वांनी केला असेल. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात ढवळून ठेवावा, वरची निवळी पेल्यात घ्यावी आणि तिच्यात नळीने फुंकावे. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. बहुतेकांचा प्रयोग इथे संपतो, कारण तास संपतो. पण न थांबता आणखी बराच वेळ फुंकत राहिले, तर तो दुधाळपणा हळूहळू नाहीसा होऊन पाणी पुन्हा स्वच्छ होते. आधी तयार झालेला कॅल्शियम कार्बोनेट जादा वायूमुळे विरघळतो. शिंपल्याचे कवच आणि पोवळ्याचा सांगाडा याच कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. (रविवारी मुलांना हा प्रयोग करून दाखवा. फक्त निवळी तोंडात ओढू देऊ नका.)

शेतकरी वाचकांना माती परीक्षणाच्या कागदावरचा 'सामू' ठाऊक असतो. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. समुद्राचा सामू यंत्रयुगापूर्वी ८.२ च्या आसपास होता, तो आता ८.१ च्याही किंचित खाली आला आहे. म्हणजे समुद्र अजून अल्कलीच आहे. त्याचे लिंबूसरबत झालेले नाही. पारा चाळीसवरून अडतीसवर आला तर थंडी पडली असे कुणी म्हणत नाही, पण पारा उतरला असे म्हणतोच. 'आम्लीकरण' या शब्दाचा अर्थ तेवढाच. पण सामूची पट्टी भूकंपाच्या रिश्टर मापासारखी असते. कागदावर बारीक दिसणारा फरक प्रत्यक्षात मोठा असतो. ०.१ ची घट म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्रयुगापूर्वी दहा लाखांत २८० भाग होता, २०२४ साली तो ४२० च्या वर गेलेला होता. आपण सोडलेल्या या वायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो.

शिंपल्यांना हे बाधक, हे चुन्याच्या निवळीवरूनच कळले. शैवालांचे तसे नाही. त्यांचे अन्नच कार्बन डायऑक्साइड. मात्र समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनपैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा वायू एक टक्काही नसतो. घरात पोत्यांनी भात आहे, पण सडलेले तांदूळ मूठभरच, अशी ही स्थिती. म्हणून शैवाल बायकार्बोनेट आत ओढून त्याचा वायू करण्याची यंत्रणा बाळगतात, आणि ती चालवायला शक्ती खर्च होते. पाण्यात मोकळा वायू वाढला की हा खर्च वाचतो. ज्यांची यंत्रणा मुळात कमजोर, त्यांचा फायदा अधिक. आणि विषारी शैवालांत ज्यांचा भरणा मोठा आहे, त्या डायनोफ्लॅजेलेट गटाचे कार्बन पकडणारे विकर जुन्या, कमी कार्यक्षम धाटणीचे आहे. वाचलेली शक्ती ते कशात घालतील? वाढीत, पोहण्यात, किंवा विष बनवण्यात.

हा झाला तर्क. समुद्र तर्काप्रमाणे वागतो की नाही, ते पाहण्यासाठी जर्मनीतल्या कील शहरातल्या गेओमार संस्थेच्या उल्फ रीबेझेल यांच्या गटाने २०१४ च्या शरद ऋतूत एक प्रयोग केला. आफ्रिकेच्या वायव्येला स्पेनची कॅनरी बेटे आहेत. त्यांतल्या ग्रान कनारियाच्या एका उपसागरात त्यांनी प्लास्टिकच्या नऊ अजस्र पिशव्या उभ्या सोडल्या. प्रत्येकीत सुमारे ३५ हजार लिटर समुद्राचे पाणी होते, त्यातल्या सगळ्या जिवाणू-शैवाल-किड्यांसकट. काही पिशव्या आजच्यासारख्या ठेवल्या, तर काहींत कार्बन डायऑक्साइड पायरीपायरीने वाढवत सुमारे एक हजार भागांपर्यंत नेला. प्रयोगाच्या मध्यावर खोल समुद्रातले खतयुक्त पाणी त्यांत ओतले, कारण निसर्गातही वाऱ्यामुळे असे खालचे पाणी अधूनमधून वर येते. काचेच्या चंबूत एकच शैवाल एकटा वाढवून काढलेल्या निष्कर्षांवर माझा फारसा विश्वास नसतो. भांडायला शेजारीच नसेल तर कुणीही शहाणा ठरतो. इथे शेजारी होते, खाणारेही होते.

खत मिळताच सगळ्या पिशव्यांत शैवाल वाढले. पण 'व्हिसिसायटस ग्लोबोसस' नावाचा एक विषारी जीव, ज्याचे नाव मासे मरण्याच्या घटनांशी आधीपासून जोडलेले आहे, ६०० भागांच्या वर वाढू लागला आणि ८०० च्या वर त्याचे अक्षरशः रान माजले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. जिथे तो माजला, तिथे शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी वाढलेच नाहीत. हिरवे अन्न भरपूर, पण खाणारा पंगतीला बसायलाच तयार नाही. हे सूक्ष्म प्राणी म्हणजे माशांच्या पिल्लांचा घास. शैवालाने एकाही माशाला स्पर्श न करता माशांचे ताट असे काढून घेतले. २०१८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उत्सर्जन बेलगाम राहिले तर ८०० चा आकडा या शतकाच्या अखेरीस हवेतच येऊ शकतो. आणि खालून उपसून वर येणाऱ्या पाण्यात ६०० च्या वरचे आकडे आजही भेटतात.

विषाच्या मात्रेबद्दलचे पुरावे प्रयोगशाळेतले आहेत. कल्ल्यांना छिद्रे पाडणाऱ्या त्या कार्लोडिनियमवर अमेरिकेत काम झाले आणि ते २०१० साली प्रसिद्ध झाले. वायू वाढवला आणि त्याच वेळी फॉस्फेटची टंचाई केली, तेव्हा विष वाढले. शिवाय त्याच्या दोन प्रकारांपैकी जो अधिक जहाल, त्याचे प्रमाण वाढले. 'स्यूडोनिट्शिया' नावाच्या करंडक शैवालातही तसेच दिसले; तिथे टंचाई सिलिकेटची होती. दोन्हीकडे एक सूत्र आहे. वायू मुबलक आणि दुसरे काहीतरी अपुरे, म्हणजे वाढ खुंटलेली आणि हाती कार्बन पडून राहिलेला, की या शैवालांचा विषाचा कारखाना जोरात चालतो.

एवढ्यावर 'समुद्र आम्ल होणार, मासे मरणार' असे मथळे देता येतील, आणि कुणी कुणी ते दिलेही. पण २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत काय झाले ते पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे निदान ३६० टन मासे मेले. मारेकरी होता 'प्रिम्नेसियम पार्वम', खाऱ्या-मचूळ पाण्यातला सोनेरी शैवाल. नदीत तो माजला तो खाणी-कारखान्यांच्या खारट सांडपाण्यामुळे, आटलेल्या पात्रामुळे आणि उष्म्यामुळे. या शैवालाची तऱ्हा उलटी आहे. त्याचे विष अल्कली पाण्यात, म्हणजे सामू चढा असताना, अधिक बाधते. सामू उतरला की त्याची धार बोथट होते. याच्यापुरते म्हणायचे तर आम्लीकरण माशांच्या पथ्यावरच पडेल. तेव्हा 'विषारी शैवाल' ही एक जमात नाही. सापांत जसा नाग वेगळा, घोणस वेगळी, तसा इथेही प्रत्येकाचा स्वभाव स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जादा कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात वाढलेल्या विदूषक माशांची पिल्ले शत्रूचा वास विसरतात आणि थेट त्याच्या तोंडी जातात, असे प्रयोग २००९ पासून गाजले. गोष्ट इतकी चित्तवेधक होती की ती पाठ्यपुस्तकी उदाहरण बनली. २०२० साली दुसऱ्या एका गटाने प्रवाळांतल्या अनेक माशांवर तेच प्रयोग काटेकोरपणे केले आणि तसा परिणाम त्यांना आढळला नाही. कल्ल्यांचे मात्र तसे नाही. मासा आपल्या रक्तातले आम्ल बाहेर टाकतो तेही मुख्यतः कल्ल्यांतूनच, ही जुनी, पक्की गोष्ट आहे. बाहेर आम्लता वाढलेली आणि आत कल्ले शैवालाने जायबंदी केलेले, हा दुहेरी भार मला त्या वास विसरण्यापेक्षा अधिक चिंतेचा वाटतो.

सामूचा विचार करताना आपण वर्षाची सरासरी धरतो, पण मासा सरासरीत जगत नाही. शैवाल माजले की दिवसा ते पाण्यातला वायू खाऊन टाकतात आणि सामू कधीकधी नऊपर्यंत चढतो. रात्री तेच शैवाल श्वसन करतात, वायू सोडतात, प्राणवायू खातात, आणि सामू घसरतो. शैवाल मेले की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. म्हणून तळ्यातले मासे मरतात ते बहुधा पहाटे.

आपल्या समुद्राचे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत जुहूला आणि कोकणच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या लाटा चमकल्या आणि लोक पोराबाळांना घेऊन पाहायला गेले. तो 'नॉक्टिलुका' नावाच्या जीवाचा खेळ. तो मासेमारू विष बनवत नाही, पण फार माजला तर त्याच्यातला अमोनिया आणि प्राणवायूची टंचाई माशांना भोवते. त्याचाच हिरवा भाऊबंद गेल्या दोन-अडीच दशकांत अरबी समुद्राच्या उत्तर भागात दर हिवाळ्यात प्रचंड पसरू लागला. पूर्वी गोव्यात संशोधन केलेले हेल्गा गोम्स आणि होआकिम गोएस यांनी २०१४ साली मांडले की कमी प्राणवायूचे पाणी पसरल्यामुळे हे होत आहे. आपल्याकडच्याच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली मोजमापे देऊन दाखवले की प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातही तो माजतो. वाद चांगला आहे. दोन्ही बाजू बोटीवर जाऊन पाणी मोजून बोलतात.

आपला पश्चिम किनारा या बाबतीत मुळातच नाजूक आहे. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह यांच्यामुळे खालचे पाणी वर चढून किनाऱ्याच्या उथळ भागात येते. हे पाणी प्राणवायूला गरीब आणि कार्बन डायऑक्साइडला श्रीमंत. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळाशी प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे मोजले आहे. लाल पाण्याने मासे मरणेही इथे नवे नाही. मलबार किनाऱ्यावरच्या अशा घटनांबद्दल जेम्स हॉर्नेल या मत्स्य अधिकाऱ्याने १९१७ सालीच लिहून ठेवले होते.

अरबी समुद्राच्या पलीकडच्या तीरावर २००८-०९ साली जे झाले, ते मला घरबसल्या कळत होते, कारण माझा मामेभाऊ तेव्हा फुजैरात नोकरीला होता. "दादा, समुद्र चहासारखा झालाय, आणि वासाने जेवण जात नाही," असे तो फोनवर सांगायचा. 'कोक्लोडिनियम' नावाच्या शैवालाने ओमानचे आखात आणि इराणचे आखात मिळून आठ महिन्यांहून अधिक काळ मुक्काम ठोकला. मासे मेलेच, शिवाय खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे कारखाने बंद ठेवावे लागले. ज्या देशांत नळाचे पाणी समुद्रातून येते, तिथे शैवाल थेट स्वयंपाकघरात पोचतो. त्या वेळी संशयाचे बोट जहाजांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याकडे आणि किनाऱ्यावरच्या सांडपाण्याकडे गेले, आम्लीकरणाकडे नव्हे. ते योग्यच होते.

कारण हवेतला वायू एका गावाला, एका राज्याला आवरता येत नाही, सांडपाणी येते. जपानच्या सेतो आंतरसमुद्रात १९७२ साली 'चॅटोनेला' शैवालाने पिंजऱ्यांतले एक कोटी चाळीस लाख मासे मारले. मच्छीमार कोर्टात गेले, १९७३ साली कायदा झाला, कारखान्यांच्या सांडपाण्याला वेसण बसली. सत्तरीच्या दशकात वर्षाला तीनशेच्या घरात गेलेल्या लाल पाण्याच्या घटना पुढे शंभराच्या आसपास आल्या. गंमत अशी की पाणी इतके निवळले की तिथली खाण्याची समुद्री वनस्पती, नोरी, उपाशी राहून फिकी पडू लागली. शेवटी २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून गरजेप्रमाणे थोडे पोषण समुद्रात सोडायला वाट करून दिली गेली.

आपल्याकडेही आता समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवायला सरकारी उत्तेजन आहे. रायगडच्या खाजणांतल्या तळ्यांत जिताडा पूर्वीपासून पोसला जातो. कोंडलेली मासळी जसजशी वाढेल, तसतसा या सूक्ष्म शत्रूचा हिशेब ठेवावा लागेल. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून शैवालांच्या बहराची माहिती देण्याची सेवा सुरू केली आहे. जपानी मत्स्यशेतकरी लाल पाणी येणार असे कळताच माशांचा चारा तोडतात, कारण उपाशी माशाला प्राणवायू कमी लागतो. दक्षिण कोरियात बोटींतून पाण्यावर पिवळी माती फवारतात. तिच्याबरोबर शैवाल तळाला बसतात.

घरातल्या बायाबापड्यांनी मला विचारलेला प्रश्न साधा असतो: खायचे की नाही? कल्ल्यांवर घाव घालणाऱ्या शैवालांनी मेलेला मासा माणसाला विषारी ठरतोच असे नाही, पण किनाऱ्यावर आपोआप मरून लागलेला मासा उचलू नये, हे बरे. खरी भीती तिसऱ्या, कालवे, शिनाणे यांची. हे जीव पाणी गाळून खातात आणि शैवालाचे विष स्वतः न मरता साठवतात. १९९७ साली केरळात विळिंजमला असे शिनाणे खाऊन सात जण दगावले. हे विष शिजवून जात नाही; सुक्यात खोबरे कितीही परता आणि कोकम कितीही घाला. पाण्याला लाल-तपकिरी रंग किंवा चमत्कारिक वास असेल, तर त्या दिवसांत खाडीतल्या तिसऱ्या आणू नयेत.

अलीकडे जिताड्याचे तळे राखणारा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. सामू मोजायचे बारके यंत्र घेऊ का, असे त्याने विचारले. म्हटले, घे की, फार महाग नसते. पण दिवसातून दोनदा मोज, प्राणवायूही बघ, आणि दोनांतली एक वेळ पहाटे पाचची धर. "सर, पहाटे पाचला?" तो म्हणाला. म्हटले, जिताडा काही तुझ्या झोपेची वेळ पाहून मरत नाही.